दुमडलेला कोपरा

माझ्याकडं कुणी खुबा मोडून आलं की मी पहिल्यांदा विचारते, घरात गालिचे, सतरंज्या, पायपुसणी किती आहेत? मी फिजिओथेरपिस्ट आहे. म्हातारी माणसं कशी पडतात हे मला चांगलं ठाऊक झालंय. गालिच्याची कड वर आलेली असते, अंगठा अडकतो आणि पुढचे चार महिने माणूस अंथरुणात. म्हणून बेळगावातल्या किती तरी घरांतले गालिचे मी माळ्यावर चढवायला लावलेत. आणि तरीही स्वतःच्या हॉलमध्ये गालिचा पाहिजे हा हट्ट माझाच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

पण हट्टाला कारण होतं. घर बांधताना आम्ही हौसेनं गुळगुळीत पांढरी फरशी घातली. दिसायला झकास, पण बेळगावच्या पावसाळ्यात तिच्यावर पाय ठेवला की थंडी थेट मस्तकात जायची. त्यात गेल्या वर्षी सासू-सासरे निपाणीजवळच्या गावातून आमच्याकडं कायमचे राहायला आले. सासरे सत्याप्पा, म्हणजे आमचे आप्पा. सासूबाई सोनुबाई, त्या माझ्या आत्ती. आप्पांनी जन्मभर दुसऱ्यांच्या तंबाखूच्या रानात राबून आणि आत्तींनी विड्या वळून माझ्या नवऱ्याला, दीपंकरला, इंजिनीअर केलं. संध्याकाळी आम्ही घरात असलो की आप्पा खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसत, पण ते आपलं आमच्या समाधानासाठी. मी क्लिनिकला आणि दीपंकर उद्यमबागेतल्या कारखान्यात गेला की दिवसभर ते भुईवर.

“जिमिनीला टेकल्याबिगर मला बसल्यागत वाटत न्हाय,” असं ते म्हणत.

बसा की, कुणाची ना आहे? पण त्या गार फरशीवर, त्या गुडघ्यांनी? ते गुडघे मी रोज चोळते, मला माहीत आहे त्यांच्यात काय उरलंय ते. म्हणून मी ठरवलं, गालिचा आणायचा, पण असा की ज्याची कड वर येणार नाही.

यल्लाप्पाचं दुकान बाजाराच्या एका बोळात आहे. माणूस कन्नड, पण मराठी आपल्यासारखंच बोलतो आणि गिऱ्हाईक दारात दिसलं की “बर्री अक्का, बर्री” म्हणून निम्मं दुकान उलगडून मोकळा होतो. त्याचं एक तत्त्वज्ञान आहे.

“अक्का, गालिचा बघायचा नसतो, घर बघायचं असतंय. लेकरं हैत? म्हातारी हैत? कुत्रं हाय?”

“एक लेकरू, दोन म्हातारी, कुत्रं नाही.”

“मग मशिनचा घ्या. पॉलिस्टर. सांडलं, पुसलं, झालं.”

मी निळसर रंगाचा घेतला. पाय बुडतील असा मऊ. सात वर्षांची सौम्या, माझी मुलगी, त्याच्यावर लोळली, आत्तींनी वर फतकल मारून पान खाल्लं आणि आप्पा खुर्चीतून बघत “चांगलं हाय, दांडगं हाय” म्हणाले. मला वाटलं, जिंकलं.

आठवडा गेला नसेल, कामावरून आले तर गालिच्याचा दाराकडचा कोपरा वर. मी पायानं दाबून सपाट केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. मी त्यावर रात्रभर सौम्याच्या पुस्तकांची चळत ठेवली. संध्याकाळी बघते तर पुस्तकं टेबलावर आणि कोपरा होता तसाच.

दीपंकर कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर ओतीव भाग तपासतो आणि चुकलेले बाजूला काढतो. घरी आला तरी त्याची नजर निवत नाही, आमटीतल्या मिठालासुद्धा तो पास-नापास करतो. त्याला कोपरा दाखवला. त्यानं बराच वेळ बघितलं, मग तिसरीकडंच बघत म्हणाला, “मटेरियल बाद आहे. दुसरं मटेरियल बघूया.”

यल्लाप्पाला राग आला नाही. “पॉलिस्टर वळतंयच की कधी कधी,” म्हणाला, जणू घेताना हे मला सांगायचंच राहिलं होतं. “ताग घ्या. ताग म्हंजे एकवचनी. पडला की पडला.”

तागाचा गालिचा आला. रंग उसाच्या वाळक्या पाल्यासारखा, तळव्याला खरखरीत, पण घट्ट आणि जड. मी खूश होते. मग जुलै आला. बेळगावचा जुलै म्हणजे दोरीवरचे कपडे चार दिवस ओले आणि बुटांना बुरशी. तागानं हवेतलं सगळं पाणी पिऊन टाकलं आणि घरभर ओल्या गोणपाटाचा वास सुटला. तोही मी सोसला असता. पण दाराकडचा कोपरा दुमडलेलाच! पॉलिस्टरचा नुसता वर यायचा, तागावर तर चक्क इस्त्री केल्यासारखी घडी पडली.

मी दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी आणून तो कोपरा फरशीला चिकटवला. दुसऱ्या दिवशी ती पट्टी नीट गुंडाळून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेली सापडली. आता माझं डोकं फिरलं. आधी सौम्यावर ओरडले. ती म्हणाली, “मी नाही केलं, आई.” मग कामाला येणाऱ्या मालुबाईवर घसरले.

“ताई, मी झाडू मारती, इस्त्री न्हाय करत,” मालुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. “माज्या झाडूनं असली घडी पडती व्हय?”

खरं होतं तिचं. पण राग आला की मला खरं ऐकू येत नाही. मी तागाचा गालिचा गच्चीच्या जिन्यात नेऊन टाकला आणि पावसाळाभर फरशी उघडी ठेवली.

दसऱ्यानंतर निपाणीला एका लग्नाला गेलो होतो. येताना आठवड्याचा बाजार लागला आणि तिथं एकाकडं घोंगडी दिसली. काळी, जाड, मेंढीच्या लोकरीची, हातमागावर विणलेली. हात फिरवला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई, गावातल्या माणसाला शहरातलं पॉलिस्टर कसं मानवेल? त्यांच्या मातीतलं, त्यांच्या ओळखीचं हेच की. लोकर थंडीत ऊब देते, ओल धरत नाही आणि कड तर दगडासारखी बसते. मी दीपंकरला म्हटलं, “इतके दिवस मी मूर्खासारखी बाजारभर फिरले.”

तो घोंगडीकडं बघत राहिला. “हे नको,” म्हणाला.

“का? मटेरियल बाद आहे?”

“तसं नाही... बरं, घे. तुला पटतंय तर घे.”

दोन घोंगड्या शिवून एक केली आणि हॉलभर अंथरली. आप्पा जवळ आले. वाकून त्यांनी नुसत्या बोटांनी तिला शिवून बघितलं.

“ह्ये हितं कशाला आनलासा?”

“तुमच्यासाठी, आप्पा. फरशी गार लागते ना.”

ते खुर्चीत जाऊन बसले आणि पेपर उघडला. पेपर बराच वेळ एकाच पानावर होता हे माझ्या लक्षात आलं, पण मी ते आनंदाच्या खात्यात धरलं.

दुसऱ्याच आठवड्यात एकदा दुपारचे पेशंट आले नाहीत आणि मी लवकर घरी आले. दार उघडंच होतं. सौम्या घोंगडीवर पोटावर पडून चित्र रंगवत होती. आप्पा मोरीवरून पाय धुऊन आले. त्यांनी मला बघितलं नाही. दाराजवळच्या कोपऱ्याशी ते थांबले, एक हात भिंतीला लावला, दुसऱ्या हातानं धोतर सावरलं आणि ते दुखरे गुडघे हळूहळू मोडत खाली वाकले. घोंगडीचा कोपरा उचलला. आत दुमडला. वरून हात फिरवून घडी बसवली. आणि मोकळ्या झालेल्या तेवढ्याशा फरशीवर मांडी घालून बसले.

मी दारातच खिळले. एवढे दिवस मी ज्या कोपऱ्यासाठी यल्लाप्पाशी, मालुबाईशी आणि पोटच्या पोरीशी भांडले, तो असा वर येत होता.

“आप्पा,” मी म्हटलं, “वर बसा की. फरशी केवढी गार आहे.”

ते दचकले नाहीत. “ऱ्हाऊ दे गं. हितंच बरं हाय.”

“टोचतं का ते?”

“टोचतंय का न्हाय, मला काय ठावं?” आप्पा म्हणाले आणि सौम्याच्या चित्रातल्या बैलाची शिंगं कशी पाहिजेत ते तिला सांगू लागले.

मी तडक स्वयंपाकघरात गेले. आत्ती भाकरी थापत होत्या.

“आत्ती, आप्पा गालिचा दुमडून बसतात.”

“व्हय,” आत्ती म्हणाल्या. परातीवरचा हात थांबला नाही.

“तुम्हाला माहीत होतं?”

“लगीन झाल्यापासनं बगती की.”

“मग मी तीन-तीन गालिचे बदलले तेव्हा सांगितलं का नाही?”

“तू इचारलंस कवा? तू आपली मालीला बोलत हुतीस.” मग भाकरी तव्यावर टाकून त्या माझ्याकडं वळल्या. “आगं, आपल्याला घोंगड्यावर बसू देत हुते व्हय गावात? भुईवर बसायचं, त्येबी कडंला. त्येंच्या हाताला ती सवं लागली ती लागली. समाजमंदिरात सतरंजीवर बसत्यात, तितं समदी आपलीच. पर भारी काय अंथरल्यालं दिसलं, की हात जातोयच.”

“आणि तुम्ही? तुम्ही तर पहिल्या दिवसापासून मधोमध बसता.”

“मी?” आत्ती हसल्या. “मी इड्या वळणाऱ्या बायकांच्या सभंला जात हुती. तितं समद्या जातीच्या बायका येका सतरंजीवर, मांडीला मांडी. पयल्यांदा जरा अंग चोरलं. मग बसली ती बसली. त्येस्नी कुटली आलीया सभा? त्ये रानात.”

संध्याकाळी दीपंकर आला तेव्हा मी त्याला गच्चीवर नेऊन विचारलं. तो कठड्याला टेकून उभा राहिला.

“मला लहानपणापासून माहीत आहे,” म्हणाला.

मला रडावं की त्याला ढकलून द्यावं कळेना. “आणि तू मला मटेरियल बाद म्हणून सांगत होतास?”

“त्यांना कसं विचारू, पारू? माझ्या बापाला मी काय विचारू, की तुम्ही असं का बसता? मला वाटलं, बदलत राहू. एखाद्या तरी मटेरियलवर बसतील.”

तो एवढं बोलला आणि खाली निघून गेला. माझा राग तिथंच विरला. हा माणूस कारखान्यात केसाएवढी चीर शोधून काढतो आणि इथं वर्षानुवर्षं एका कोपऱ्यासमोर गप्प उभा आहे. त्या घोंगडीचा मला इतका संताप आला की वाटलं उचलावी आणि गटारात टाकावी. तिचा बिचारीचा काय दोष? मेंढीची लोकर ती.

मी मात्र विचारलं. रोजच्यासारखे गुडघ्यांना तेल लावत असताना, हळूच. आप्पांनी टाळलं नाही. उलट त्यांचा आवाज जरा चढला, माणूस आपला एखादा जुना पराक्रम सांगताना चढतो तसा.

“हंगामाच्या तोंडाला मालकाच्या अंगनात गडी जमायचे. मालकाची मानसं बसायला घोंगडं टाकल्यालं असायचं, पार दारापतोर. आमाला टेकायला जागाच न्हाय. येक डाव आमच्यातला येक म्हातारा चुकून घोंगड्याच्या कडंवर टेकला. मालक म्हनला, ‘उठ.’ बास, येवडंच. शिवी न्हाय, काय न्हाय. म्हातारा उठला. माज्या बानं त्ये बगितलं. घरी येताना मला म्हनला, सत्या, आपनच कोपरा दुमडायचा आनि भुईवर बसायचं. मग कुनाला उठ म्हनायची गरजच लागत न्हाय.”

मी तेल लावायची थांबले होते.

“आजवर मला कुनी उठ म्हनलं न्हाय, पोरी,” आप्पा म्हणाले. “येकदाबी न्हाय. आमच्या गावात इचार कुनालाबी.”

मला वाटत होतं ही लाचारी आहे, आणि म्हाताऱ्यानं तर तिच्यावर आयुष्यभराची अब्रू सांभाळली होती. पदवी माझ्याकडं आहे, शरीराचा प्रत्येक सांधा मला पाठ आहे, पण हा सांधा कसा मोकळा करायचा ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. मी ठरवलं, राहू दे. त्यांचा कोपरा, त्यांची फरशी. मी तिथं फक्त एक जुनी चादर घडी करून ठेवली. तीही त्यांनी उचलून बाजूला ठेवली.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नाही. हे बोलणं चाललं होतं तेव्हा सौम्या पलीकडं गृहपाठ करत बसली होती.

डिसेंबरात तिची मैत्रीण आरोही हिचा वाढदिवस होता. आरोहीचं घर कंग्राळीला. शेती आहे, वडील सकाळी ती बघून नोकरीवर जातात आणि आई माधवी बँकेत आहे. माधवी आणि मी शाळेच्या फाटकात भेटून भेटून मैत्रिणी झालेलो. मी संध्याकाळी सौम्याला न्यायला गेले. पोरं फुगे फोडत होती. माधवीच्या सासूबाई, जयाबाई, यांनी मला हाताला धरून आत नेलं, “बस गं बाई, दमून आलीस” म्हणत जवळ बसवलं आणि ताटलीत शेव-लाडू घातले. फार मायेची माणसं.

“पारमिता, तुझ्या पोरीकडनं शिकावं बाई,” माधवी हसत म्हणाली. “सगळी कार्टी केक घेऊन गालिच्यावर नाचत होती. ही एकटी दाराजवळ गेली, गालिच्याचा कोपरा छान दुमडला आणि खाली फरशीवर बसून खाल्लं. मी म्हटलं, अगं वर बस, तर म्हणाली, इथंच बरं आहे काकू. एक कण सांडला नाही! काय शिस्त लावलीयस गं.”

मी हसले. हातातला लाडू ताटलीत ठेवला. माधवीला काय सांगणार होते मी? तिचा काही दोष नव्हता. तिच्या घरात माझ्या पोरीला कुणीही उठ म्हणणार नव्हतं. तरी माझी पोरगी आधीच बाजूला होऊन बसली होती. सात वर्षांची. जिला जात म्हणजे काय हे आम्ही अजून नीट सांगितलंही नव्हतं.

स्कूटरवर सौम्या पुढं उभी राहून गाणं म्हणत होती आणि मी सबंध रस्ताभर एकच विचार करत होते, आप्पांना सांगायचं की नाही. सांगावं तर म्हातारपणी त्यांच्या काळजाला घरं पडणार. न सांगावं, तर तो कोपरा माझ्या पोरीच्या हाताला जन्मभर चिकटणार. घर आलं तरी माझं ठरलं नव्हतं.

ठरवायची वेळच आली नाही. चपला भिरकावून सौम्या आत पळाली. आप्पा आपल्या कोपऱ्यात बसून शेंगा सोलत होते. आत्ती घोंगडीवर. दीपंकर नुकताच आलेला, बूट काढत होता.

“आजोबा! मी आज आरोहीकडं तुमच्यासारखी बसले. सगळे गालिच्यावर बसले, मी कोपरा दुमडून बसले. आणि मला कुणीसुद्धा उठ म्हटलं नाही!”

दीपंकरचा हात बुटाच्या नाडीवरच राहिला. आप्पांनी हातातली शेंग खाली ठेवली.

“तुला?” ते म्हणाले. “तुला कोन उठ म्हननार हुतं, पोरी?”

“माहीत नाही. पण म्हटलं असतं तर?” सौम्या त्यांच्यासमोर उकिडवी बसली. “आजोबा, कुणी उठ म्हटलं, तर काय करायचं असतं?”

आप्पांनी आत्तींकडं बघितलं, मग दीपंकरकडं, मग माझ्याकडं. मी त्यांच्या डोळ्यांत इतकी भीती कधी बघितली नव्हती.

“मला ठावं न्हाय,” आप्पा म्हणाले. “मला कुनी म्हनलंच न्हाय न्हवं.”

मग ते उठले. मी हात द्यायला पुढं झाले तर त्यांनी नको म्हणून खूण केली. भिंतीला धरून उभे राहिले, वाकले आणि दुमडलेला कोपरा उलगडला. घडी मोडत नव्हती. त्यांनी ती तळव्यानं पुन्हा पुन्हा दाबली. मग घोंगडीवर एक पाय ठेवला, दुसरा ठेवला आणि मधे येऊन, आत्तींच्या शेजारी बसले. अंग चोरून, दोन्ही हात मांडीवर, पहिल्या दिवशी शाळेत बसलेल्या पोरासारखे.

आप्पा जरासे हलले. पुन्हा हलले. मग घोंगडीवर हात फिरवून म्हणाले, “टोचतंय की गं ह्ये!”

“लोकर हाय, टोचणारच,” आत्ती म्हणाल्या.

“लई टोचतंय! आनि ह्याच्यावर बसून मिशांस्नी पीळ देत हुते व्हय ती?”

आत्ती पदर तोंडाला लावून अशा हसल्या की त्यांना ठसका लागला. सौम्या हसली म्हणून मी हसले. दीपंकर मोरीत तोंड धुवायला गेला आणि बराच वेळ नळ चालू होता.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, “आप्पा, बदलूया हे. तुम्हाला पाहिजे ते घ्या. तुम्हीच पसंत करा.”

“मी?” आप्पा म्हणाले. “मला त्यातलं काय कळतंय?”

“बसून बघायचं. बसायला बरं वाटेल ते घ्यायचं.”

पुढच्या रविवारी आम्ही पाचही जण यल्लाप्पाच्या दुकानात गेलो. “बर्री अक्का,” म्हणता म्हणता त्याचा चेहरा उतरला, मी पुन्हा तक्रार घेऊन आले असंच त्याला वाटलं. “या टायमाला काय वळलं?”

“काही वळलं नाही. आमच्या आप्पांना पसंत करायचंय.”

“अज्जा, मग सुती बघा. जमखाना. धुवायला सोपा, उन्हाळ्यात गार, थंडीत ऊब, अंगाला मऊ.” आपण ज्याला सतरंजी म्हणतो तिला यल्लाप्पा जमखाना म्हणतो. ही मात्र चांगली जाडजूड होती, तांबड्या आणि निळ्या पट्ट्यांची. त्यानं ती झटकून दुकानाच्या मधोमध अंथरली.

आप्पा कोपऱ्याशी येऊन थांबले. उजवा हात खाली गेला. मी तो हात बघत होते, दीपंकर बघत होता. हात धोतरापाशी घुटमळला आणि मागं आला. त्यांनी चपला काढल्या, चालत मधे गेले आणि बसले. हात फिरवला. मांडी सैल केली. एक हात मागं टेकून जरा रेलले. बाजारातली माणसं दारावरून येत-जात होती, एक-दोघं आत डोकावून गेली. आप्पा बसून होते.

यल्लाप्पानं दुसरी सतरंजी खांद्यावर घेतली. धंद्याचा माणूस, त्याला दहा नमुने दाखवायचे होते.

“उठा अज्जा,” तो म्हणाला. “ही काढतो, दुसरी टाकतो.”

दीपंकर एक पाऊल पुढं सरकला. यल्लाप्पाला बिचाऱ्याला काय कल्पना, तो सतरंजीचं टोक हातात धरून वाट बघत उभा. सौम्यानं माझा हात घट्ट पकडला. ती आजोबांकडं टक लावून बघत होती.

आप्पांनी मान वर केली. यल्लाप्पाकडं बघितलं. मग सौम्याकडं बघितलं, तिच्याकडंच बघत राहिले आणि शांतपणे म्हणाले, “न्हाय उठत.”

“आँ?”

“न्हाय उठत. बसलोय न्हवं मी?”

यल्लाप्पा गोंधळला, मग हसला. हातातलं टोक सोडून म्हणाला, “बसा की अज्जा, बसा. दुकान तुमचंच हाय.”

सौम्यानं माझा हात सोडला. बूट काढले, सतरंजीवरून धावत गेली आणि आजोबांना खेटून, अगदी मधोमध, मांडी घालून बसली. मागोमाग आत्तीही जाऊन टेकल्या. दीपंकर आमच्याकडं पाठ करून भिंतीवरचे नमुने बघत उभा होता, त्याला तिथं नक्की काय तपासायचं होतं कोण जाणे.

“अक्का,” यल्लाप्पा मला हळूच म्हणाला, “मग हीच बांधू?”

“हीच,” मी म्हटलं. “पण घाई करू नका.”